अंदाज, मोजमाप आणि दृष्टी : छायाचित्रातील अंतराचा इतिहास

मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला, की घराघरांतील कपाटांतून जुने आल्बम बाहेर निघतात. गणेशोत्सवाचे, हळदीकुंकवाचे, नाटकाच्या तालमींचे, बदली होऊन जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या निरोपसमारंभाचे असे ते फोटो हातोहात फिरू लागतात आणि पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : "हे कोण हो?" पुष्कळदा उत्तर सापडते. पण कधीकधी असेही होते, की मागच्या भिंतीवरील फलकाची अक्षरे लख्ख वाचता येतात आणि पुढे बसलेल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे मात्र धुक्यात विरघळल्यासारखे दिसतात. आपण सहज म्हणून जातो, "कॅमेरा हलला असेल." वस्तुतः कॅमेरा हलला असता तर फलकही पुसट आला असता. येथे चूक अंतराची झालेली असते. माणसे दहा फुटांवर बसली होती आणि भिंग वीस फुटांवर लावलेले राहिले, एवढीच ती चूक. पण तेवढ्याने एक चेहरा कायमचा हरवतो.

छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना रसायनांचा, भिंगांचा व थोर छायाचित्रकारांचा उल्लेख होतो. या साध्या अंतराचा मात्र फारसा होत नाही. कॅमेऱ्यापासून माणूस किती दूर आहे, हे ठरविण्याचे मार्ग तीनच आहेत. अंदाज करावयाचा, मोजावयाचे, किंवा भिंगातून पडलेली प्रतिमा प्रत्यक्ष पाहून ती स्पष्ट करावयाची. कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न बव्हंशी या तिहींपैकी कशावर विश्वास ठेवावा, याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. विशेषतः मोठ्या निगेटिव्हच्या, ज्यांना आज 'मीडियम फॉरमॅट' म्हणतात त्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे फारच खरे आहे. त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा, तर आरंभ कॅमेऱ्याच्या बऱ्याच आधीपासून करावा लागेल.

माणसाची पहिली मापे त्याच्या देहातूनच निघाली. वीत, हात, वाव ही त्यांतलीच. शिवकालीन जमीनमोजणीत पाच हात आणि पाच मुठी यांची एक काठी धरीत. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पुढे इंग्रजी अमदानीत काठीची जागा साखळीने घेतली. परंतु काठी काय किंवा साखळी काय, त्यांची एक मर्यादा होती : माणसाचे पाऊल जेथवर पोचेल तेथवरच ती पोचत. नदीपलीकडचा बुरूज किंवा दरीपलीकडचे शिखर त्यांच्या आवाक्यात येत नसे.

ही मर्यादा त्रिकोणाने ओलांडली. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन ठाऊक असले, की उरलेल्या दोन्ही बाजू घरी बसून काढता येतात. तेथे पाऊल टाकण्याचे कारण उरत नाही. या तत्त्वाचा जगातील एक थोर प्रयोग आपल्याच देशात झाला. विल्यम लॅम्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात पोलादी साखळीने पायारेषा मोजावयास घेतली. तिची लांबी सुमारे साडेसात मैल होती. त्या रेषेवर पहिला त्रिकोण उभा राहिला, त्याच्या बाजूवर दुसरा, आणि असे करीत त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकू लागली. १८१८ मध्ये या कार्याला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळाले. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्टनला मृत्यू आला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे; त्याची समाधी तेथेच आहे. त्याच्यामागून आलेल्यांनी ही माळ हिमालयापर्यंत नेली आणि ज्या शिखरांवर कुणी चढले नव्हते त्यांची उंचीही निश्चित केली.

साडेसात मैलांचा हा पाया हातात मावेल इतका लहान करता येईल काय? या प्रश्नाची निकड लष्कराला भासली. तोफांचा पल्ला वाढला होता. शत्रू किती दूर आहे हे कळल्यावाचून तो पल्ला व्यर्थ होता. १८८८ मध्ये ब्रिटनच्या युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा अशी जाहिरात दिली. लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजातील आर्चिबाल्ड बार हे अभियांत्रिकीचे व विल्यम स्ट्राउड हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. दोघांनी मिळून एक उपकरण सिद्ध केले. पायदळाने ते नाकारले, पण थोड्याच वर्षांत नौदलाने स्वीकारले आणि 'बार अँड स्ट्राउड' हे नाव जगभरच्या युद्धनौकांवर पोचले.

या उपकरणाचे मर्म समजावयास यंत्र लागत नाही. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला तर उडी मोठी, दूर नेला तर लहान. आपल्या दोन डोळ्यांमधले सहा-साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर हा या त्रिकोणाचा पाया होय. अंतरमापकात दोन डोळ्यांच्या जागी दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून सरळ आलेली आणि दुसरीतून आरशाने वळवून आणलेली अशा दोन प्रतिमा एकाच डोळ्याला एकमेकींवर पडलेल्या दिसतात. चाक फिरवीत गेले, की दुसरी प्रतिमा सरकत येऊन पहिलीत मिसळून जाते. मिसळली त्या क्षणी चाकावरचा आकडा वाचावयाचा; तेच अंतर.

दोन खिडक्यांत सहा सेंटिमीटरांचे अंतर असले, तर तीन मीटरांवरील माणसासाठी हा कोन सुमारे १ अंश ९ कला इतका येतो. सहा मीटरांवर तो निम्मा, म्हणजे ३४ कला होतो, आणि तीस मीटरांवर जेमतेम ७ कला उरतो. म्हणजे दूरच्या वस्तूंमधला फरक लहान साधनाला कळेनासा होतो. म्हणूनच नौदलाची साधने साडेचार फूट आणि त्याहूनही लांब पायाची असत. छायाचित्रकाराची गोष्ट मात्र सुदैवाने वेगळी आहे. त्याला काटेकोर माप हवे असते ते जवळच्या माणसाचे. तीस मीटर की चाळीस मीटर, याने त्याच्या चित्रात फारसे बिघडत नाही. त्यामुळे तळहाताएवढा अंतरमापकही त्याला पुरतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. आरंभीचे छायाचित्रकार तिसऱ्या मार्गाचे, म्हणजे प्रत्यक्ष पाहण्याचे अनुयायी होते. तिपाईवर अवजड कॅमेरा, मागे दुधी काच, डोक्यावर काळे कापड. काचेवर उलटी पडलेली प्रतिमा स्पष्ट होईपर्यंत भाता मागेपुढे करावयाचा, मग काचेच्या जागी प्लेट सरकवावयाची. ही पद्धत अचूक खरी, पण समोरच्याने तोवर निश्चल बसले पाहिजे. जुन्या छायाचित्रांतील आपल्या पणजोबांच्या चेहऱ्यावरील गांभीर्याचा काही वाटा या दुधी काचेच्या पदरात टाकावयास हरकत नाही.

१९०१ मध्ये कोडॅक कंपनीने 'नंबर २ ब्राउनी' हा पेटीसारखा कॅमेरा काढला आणि त्याच्यासाठी जी गुंडाळी-फिल्म आणली तीच पुढे '१२०' या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. फिल्मच्या पाठीला कागद, कागदावर आकडे, आणि ते आकडे वाचावयास कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल खिडकी. त्या काळच्या फिल्मला लाल प्रकाश जाणवत नसे, म्हणून खिडकी लाल. या एका गुंडाळीवर ६×९ सेंटिमीटरांची आठ, किंवा ६×६ ची बारा चित्रे येतात. सव्वाशे वर्षांत जग पालटले, परंतु ही फिल्म आजही तयार होते. आज विकत घेतलेली गुंडाळी आजोबांच्या कॅमेऱ्यात बसते, असे भाग्य फारच थोड्या यंत्रांच्या वाट्याला आले असेल.

ब्राउनीत दुधी काच नव्हती. भिंग एकाच जागी पक्के बसविलेले आणि त्याचे छिद्र बारीक. भर उन्हात, आठ-दहा फुटांपलीकडचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट येई. अंदाजाचा हा मार्ग स्वस्त होता, आणि त्यानेच छायाचित्रण स्टुडिओतून घराच्या अंगणात आणले. पण ऊन ओसरले, मांडवात शिरावयाचे झाले, की छिद्र मोठे करणे भाग पडते. आणि छिद्र मोठे झाले, की अंदाजाची क्षमा संपते.

हे किती झपाट्याने घडते ते आकड्यांत पाहू. ६×६ च्या कॅमेऱ्यात साधारणपणे ७५ मिलिमीटरांचे भिंग असते. ते दोन मीटरांवर लावून छिद्र एफ-१६ ठेवले, तर सुमारे दीड मीटरांपासून पावणेतीन मीटरांपर्यंतचे सारे स्पष्ट येते. तेच छिद्र एफ-४ केले, की ही पट्टी १.८७ ते २.१५ मीटर एवढीच उरते, म्हणजे एका फुटाहूनही कमी. एकाच कोचावर पुढे वाकून बसलेली आई आणि मागे रेलून बसलेले वडील या पट्टीत एकत्र मावतीलच असे नाही. लहान फिल्मच्या कॅमेऱ्याचे भिंग ५० मिलिमीटरांचे असल्याने त्याला थोडी अधिक सवलत मिळते. ६×६ चे निगेटिव्ह लहान फिल्मच्या साडेतीनपटींहून मोठे असते; त्यातून कपाळावरची रेषाही मोठ्या चित्रात उतरते. पण या श्रीमंतीची किंमत अंतराच्या काटेकोरपणात चुकवावी लागते.

म्हणून मोजण्याचे साधन कॅमेऱ्याच्या जवळ येत गेले. १९१६ मध्ये कोडॅकने आपल्या एका घडीच्या कॅमेऱ्यातच भिंगाला जोडलेला अंतरमापक बसविला. पण तो काळाच्या फार पुढे होता. १९२५ मध्ये लायप्झिकच्या जत्रेत लायका जगापुढे आला तेव्हा त्याच्यात अंतरमापक नव्हता. तो वेगळा विकत घेऊन कॅमेऱ्याच्या डोक्यावर अडकवावा लागे. असे सुटे अंतरमापक पुढे पुष्कळ निघाले. त्यांची रीत एकच : साधन डोळ्याला लावावयाचे, दोन प्रतिमा जुळवावयाच्या, आकडा वाचावयाचा आणि तोच आकडा हाताने भिंगाच्या कड्यावर लावावयाचा. आकडा वाचण्यात व लावण्यात वेळ जाई आणि घाईत विसरही पडे. १९३२ मध्ये लायकाने अंतरमापक भिंगालाच जोडला. १९३४ मध्ये झाइस आयकॉनने हीच सोय मोठ्या निगेटिव्हच्या 'सुपर आयकोंटा'त आणली. भिंगाशेजारच्या एका लहानशा दांडीत काचेच्या दोन पाचरी असत. भिंग फिरविताच त्याही फिरत आणि प्रतिमा जुळली, की अंतर आपोआप लागलेले असे. घडी घातली की हा कॅमेरा कोटाच्या खिशात जाई. लॅम्टनचा त्रिकोण असा खिशात येऊन बसला.

याच सुमारास जर्मनीतच दुसऱ्या मार्गानेही उचल खाल्ली. ब्राउनश्वाइग येथे पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हाइडेके यांनी १९२० मध्ये स्थापन केलेल्या कारखान्यातून १९२९ साली 'रोलाइफ्लेक्स' बाहेर पडला. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे : खालचे चित्र घेण्यासाठी, वरचे पाहण्यासाठी. वरच्या भिंगातील प्रतिमा आरशावरून डोक्यावरच्या दुधी काचेवर पडते. दोन्ही भिंगे एकाच पट्टीवर पुढेमागे सरकत असल्यामुळे वरचे स्पष्ट तेव्हा खालचेही स्पष्ट. काळे कापड गेले, पाहणे मात्र राहिले. गैरसोयी होत्याच. काचेवर उजवे ते डावे दिसते, त्यामुळे धावत्या मुलाच्या मागे कॅमेरा फिरविताना नवशिक्याचा हात हटकून उलट्या बाजूला जातो. मंद उजेडात काच अंधारी पडते. पण एक गुण असा, की छायाचित्रकार कॅमेरा डोळ्याला न लावता छातीपाशी धरतो आणि मान लववून काचेत पाहतो. समोरच्या माणसाला आपल्यावर काही रोखले आहे असे वाटत नाही.

रोलाइफ्लेक्सचे नाव आपल्या देशात होमाई व्यारावाला यांच्याशी जोडलेले आहे. १९१३ साली नवसारी येथे जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या पारशी महिलेने १९४२ पासून दिल्लीत काम केले आणि सत्तांतराचे व स्वातंत्र्याच्या पहिल्या पिढीचे दर्शन घडविणारी छायाचित्रे घेतली. त्यांच्या हाती स्पीड ग्राफिक व रोलाइफ्लेक्स हे कॅमेरे असत. १९७० मध्ये त्यांनी हे काम थांबविले. उत्तरायुष्य वडोदऱ्यात गेले आणि तेथेच २०१२ मध्ये त्या निवर्तल्या. वडोदऱ्याचे छायाचित्रणाशी नाते जुनेच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या तेथील कलाभवनातच दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे त्यांनी स्टुडिओही थाटला होता.

सामान्य कुटुंबाला मात्र रोलाइफ्लेक्स परवडण्यासारखा नव्हता. त्यातून १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले आणि परदेशी कॅमेरा ही परदेशी गेलेल्या आप्ताकडून येण्याची वस्तू झाली. मग घरोघर पोचला तो भारतातच, वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तयार केलेला 'आग्फा क्लिक-३'. त्यातही तीच १२० फिल्म, आणि मार्ग पुन्हा अंदाजाचा : सूर्य पाठीशी घ्या, माणसे पुरेशी दूर उभी करा आणि कळ दाबा. पुढे १९६७ पासून उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' नावाची देशी फिल्म मिळू लागली. तो कारखाना आता बंद पडला आहे. लग्नामुंजींत व्यावसायिक छायाचित्रकाराच्या गळ्यात दोन भिंगांचा जपानी यशिका दिसे. आपल्या आल्बमांतील फरकाचे कारण येथे आहे. अंगणातले, उन्हातले फोटो क्लिकचे; मांडवातले, तरीही सुस्पष्ट चेहऱ्यांचे फोटो यशिकाचे; आणि संध्याकाळी घरातल्या घरात घेतलेले, धुकट आलेले फोटो अंदाजाने उघड्या छिद्रावर पत्करलेल्या धाडसाचे.

अंदाजाला मात्र कमी लेखू नये. स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ मध्ये काढलेला ६×६ चा एकभिंगी कॅमेरा हा पाहण्याच्या मार्गाचा कळस मानला जातो. त्याच घराण्यातला कॅमेरा जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरला. परंतु अंतराळवीराला शिरस्त्राणातून काचेत वाकून पाहता येणार नव्हते. म्हणून आरसा व दुधी काच काढून टाकण्यात आली आणि कॅमेरा छातीवरील आधारावर बसविला गेला. दिशा आणि अंतर पृथ्वीवर केलेल्या सरावाच्या बळावर ठरविले गेले. शिवाय फिल्मच्या पुढे एक काच होती आणि तिच्यावर दहा-दहा मिलिमीटरांवर बारीक फुल्या कोरलेल्या होत्या. त्या प्रत्येक चित्रात उमटल्या, त्या पुढे चित्रांवरून मोजमाप करता यावे यासाठी. म्हणजे पाहण्यासाठी जन्मलेल्या कॅमेऱ्याने तेथे अंदाजाने चित्र घेतले आणि मोजमापाची तरतूद बरोबर ठेवली.

आज तरुण पिढीत फिल्मच्या कॅमेऱ्याची ओढ पुन्हा दिसते. तेव्हा कुणास जुना मध्यम आकाराचा कॅमेरा घ्यावयाचा असेल, तर हा इतिहास व्यवहारातही उपयोगी पडतो. आपण कशाची चित्रे घेणार, हे आधी ठरवावे. घरातली माणसे, सावकाश बसून घ्यावयाची चित्रे, यांना दोन भिंगांचा कॅमेरा उत्तम. प्रवासाला घडीचा, जोडलेल्या अंतरमापकाचा. परंतु जुना अंतरमापक ठिकाणावर असेलच असे नाही; टेपने एक, दोन व तीन मीटर मोजून तो तपासावा, आणि अतिदूरच्या मनोऱ्याच्या दोन्ही प्रतिमा अनंताच्या खुणेवर एक होतात काय ते पाहावे. भात्याला छिद्रे नाहीत ना, हे अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावून कळते. दमट हवेच्या शहरांत भिंगातील बुरशी हटकून तपासावी.

अंतरमापक नसलेला साधा घडीचा कॅमेरा स्वस्त मिळतो, आणि त्याच्या जोडीला आता एक नवे साधन आहे. १९९३ मध्ये लायकाच्याच नावाने हातात मावणारे लेसर अंतरमापक बाजारात आले. आज तशी साधने सुतार आणि गवंडी सर्रास वापरतात. ती कोन मोजीत नाहीत, प्रकाशाच्या जाण्यायेण्याचा हिशेब करतात. तीन मीटरांवर जाऊन परत यावयास प्रकाशाला सेकंदाचा सुमारे पाच कोटीवा भाग लागतो, आणि त्यावरून काही मिलिमीटरांच्या आत उत्तर मिळते. लेसरचा ठिपका माणसाच्या डोळ्यांवर कदापि टाकू नये, खुर्चीवर किंवा वस्त्रावर टाकावा. आणि अंतर फिल्म असते तेथून, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीपासून धरावे. समूहाचे चित्र असेल तर पाच मीटरांवर लावून छिद्र एफ-११ ठेवावे, म्हणजे साधारण साडेतीन मीटरांपासून साडेनऊ मीटरांपर्यंतच्या सर्व रांगा सांभाळल्या जातात.

शेवटी एक विनंती. या महोत्सवासाठी जे आल्बम बाहेर निघाले आहेत, त्यांच्यामागे कोठेतरी कागदी पाकिटांत १२० फिल्मची निगेटिव्हेही असतील. छापलेल्या लहानशा फोटोत न दिसणारे पुष्कळ काही त्यांत शिल्लक असते. मागच्या रांगेतील जो चेहरा छापात ओळखू येत नाही, तो निगेटिव्हवरून मोठा केल्यास ओळखू येण्याचा संभव आहे. त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल तर ती नासू लागली आहेत असे समजावे, वेगळी काढावीत आणि त्यांच्या प्रती आधी करून घ्याव्यात. बाकीची कोरड्या, थंड जागी कागदात ठेवावीत. आणि प्रती करून झाल्या म्हणून मूळ टाकून देऊ नयेत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे. आपल्यापैकी ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, त्यांच्याकडून ती याच वर्षी लिहून घ्यावीत. पुसट आलेला चेहरा कोणतेही उपकरण आता सुस्पष्ट करू शकणार नाही. त्याला ओळखणारी माणसे मात्र अजून आपल्यात आहेत.